दुपारी तीनची साखर

परवा फोनवर तुझ्या आईनं दंडावरची कापसाची पट्टी दाखवली आणि तू मागून ओरडलीस, "आजी, आईला दर वर्षी टोचतात आणि त्याला कारण मी आहे!" तुझा धाकटा भाऊ खो खो हसला. तू हसली नाहीस. ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

कारण तू नाहीस. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं क्रमानं सांगते. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गोष्ट मधूनच सुरू केलेली मला चालत नाही.

तुझी आई पहिल्या बाळंतपणाला बेळगावजवळ कंग्राळीला आमच्याकडे आली तेव्हा सातवा महिना सरत आला होता. तुझे बाबा परदेशातल्या नोकरीवर आधीच रुजू झाले होते. तू जन्मायचं, जरा मोठं व्हायचं आणि मग तुम्ही दोघींनी त्यांच्याकडे जायचं, असं ठरलं होतं. आमच्याकडे यायच्या आधीच तिला ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं होतं आणि त्यात साखर जास्त निघाली होती. आमच्या दोन्ही घरांत मधुमेह कुणाला असल्याचं माहीत नव्हतं. तुझी आई सडपातळ, सकाळी चालायला जाणारी. तिला वाटलं, अहवालांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा तपासलं. तेच आलं.

डॉक्टरबाई कानडी, पण मराठी उत्तम बोलायच्या. त्यांनी आम्हाला नीट समजावलं. पोटात बाळ असताना त्याला पोसणारी वार अशी काही द्रव्यं सोडते की आईच्या शरीराला साखर आवरणं जड जातं. बऱ्याच जणींना ते जमतं, काहींना जमत नाही. ती जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ ती चरबी करून साठवतं आणि अंगानं वाढतं. "लोकांना वाटतं, मोठं बाळ म्हणजे ताकदीचं बाळ," त्या म्हणाल्या. "तसं नसतं, आजी."

पथ्यानं सकाळची साखर आटोक्यात आली, जेवणानंतरची येईना. मग दोन्ही जेवणांआधी इन्सुलिन सुरू झालं. सुई तुझी आई स्वतःच मांडीत टोचून घ्यायची. उपाशीपोटी एकदा आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी एकदा, बोटाला टोचून थेंब काढायचा, यंत्राच्या पट्टीला लावायचा. दवाखान्यात सिस्टरनं करून दाखवलं होतं: स्पिरिटचा कापूस बोटावर फिरवायचा, वाळू द्यायचा, टोचायचं. आम्ही अगदी तसंच करत होतो.

आता आमच्या घराचं सांगते. तुझे आजोबा, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, त्यांचा एक नियम आहे. उन्हातून कुणी दारात आलं की आधी गूळ-पाणी, मग बोलणं. चहा नंतर. शेतावरचा गडी असो नाहीतर बँकेचा साहेब, बशीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं आलंच पाहिजे. गूळ सदलग्याचा, आप्पांच्या मावसभावाच्या गुऱ्हाळातला, वर्षाची ढेप घरात असते. पहिलटकरीण लेक माहेरी आली म्हणताना त्या चैत्रात दुपारी बायकांची रीघ लागली. शेजारणी, भावकीतल्या, तिच्या शाळेतल्या मैत्रिणी. येताना कुणी कुंदा आणायचं, कुणी लाडू. तुझी आई ते हसून घ्यायची आणि न उघडता माझ्याकडे द्यायची. बसून बसून कंटाळलेली असायची, म्हणून आलेल्यांचं गूळ-पाणी ती बघायची. मी चहा टाकायची.

आठव्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळाच्या पोटाचा घेर बाकीच्या अंगाच्या पुढं चाललाय." त्यांनी आमचे आकडे पाहिले. सकाळचे चांगले. रात्रीच्या जेवणानंतरचे चांगले. दुपारी तीनचे मात्र कधी बरे, कधी एकशे ऐंशी, कधी दोनशेच्या वर.

"दुपारी काय खाता?"

"जे रात्री खाते तेच," तुझी आई म्हणाली. "भाकरी, भाजी, आमटी, काकडी."

"आणि त्यानंतर?"

"काही नाही."

त्यांनी वाद घातला नाही. दुपारचं इन्सुलिन वाढवलं आणि उठता उठता मला म्हणाल्या, "नोडी, बघा आजी, पंधरा दिवसांत ही दुपारची साखर खाली आली नाही तर मी हिला दाखल करून घेणार. बाळ असंच वाढत राहिलं तर वेळेआधी बाहेर काढायची पाळी येईल. आईला साखर असलेल्या बाळाची फुप्फुसं तयार व्हायला उशीर लागू शकतो. मला ते नकोय."

परतताना गाडीत तुझी आई दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती.

त्याच आठवड्यात तुझी निपाणीची आजी राहायला आली. सासूला मामी म्हणायची आमच्याकडची रीत, म्हणून तुझी आई त्यांना मामीच म्हणायची. त्यांना मी विहीणबाई म्हणते. त्या मूळच्या बोरगावच्या, उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्यात काढलेली, पोरांना शिकवून मोठं केलेलं. बोलणं धारदार. आल्या आल्या त्यांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "साखर उतरली का पोरीची?"

"दुपारची नाही उतरत," मी म्हटलं.

"दुपारीच कशी चढती? साखरंला घड्याळ कळतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या यंत्राशेजारीच पाट घेऊन बसल्या. पुढच्या खोलीत दोघी पाहुण्या येऊन बसलेल्या होत्या. तुझी आई त्यांच्यातून उठून आत आली, कापूस फिरवला, टोचलं. दोनशे चौदा.

विहीणबाईंनी तिच्याकडं बघितलं. "खरं सांग, पोरी. मी रागवनार न्हाय. पोटुशी बाईला खावंसं वाटतंच. काय खाल्लंस?"

"मामी, काही खाल्लं नाही."

"कुंदा आनलाय की त्या बायांनी."

"डबा बंद आहे, बघा तुम्ही."

त्यांनी खरंच जाऊन बघितला. डबा बंद होता. तरी त्यांनी घरातले सगळे गोड डबे, माझ्या मुरंब्याच्या बरणीसकट, लोखंडी कपाटात घातले आणि किल्ली कमरेला खोचली. आप्पांना संध्याकाळच्या चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू लागतो. ते कपाटासमोर उभे राहिले.

"विहीणबाई, माझ्या घरात मीच कुलपाबाहेर काय?"

"चार दिस लाडू न्हाय खाल्ला तर मरत न्हाय तुमी."

तुझी आई हसली, पण हसताना तिचे डोळे भरून आले होते. आत गेल्यावर मला म्हणाली, "आई, तुला तरी खरं वाटतं ना?"

मी म्हटलं, वाटतं. आणि मला वाटत होतं. ही मुलगी लहानपणीसुद्धा चोरून खाऊन नाही म्हणणारी नव्हती, खाऊन वर अजून मागणारी होती. पण मग आकडा कुठून येतो? मी माझ्या पद्धतीनं शोधायला लागले. पट्ट्यांची मुदत पाहिली. बेळगावात जाऊन नवीन पट्ट्या आणल्या. यंत्राची शंका आली म्हणून स्वतःचं बोट टोचून पाहिलं, माझी साखर व्यवस्थित आली. मग दुसरं यंत्र आणलं. दोन्ही यंत्रांनी तुझ्या आईचा जवळपास सारखाच आकडा दाखवला, आणि तो वाईटच होता.

कुलपाचाही उपयोग होत नाही म्हटल्यावर विहीणबाईंचा संशय आप्पांवर गेला. लेकीवर जीव, परड्यात चिक्कूची झाडं, दुपारी लेक झाडाखाली खुर्ची टाकून बसते.

"तुमीच देत आसनार चिक्कू. बापाचं मन."

आप्पा लाल झाले. "मी? माझ्या नातवंडाच्या जिवाशी खेळंन व्हय मी? लई झालं हां आता!"

"मग कोन देतंय? भूत?"

"तुमचं यंत्रच येडं हाय!"

तुझी आई दाराशी येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "माझ्यासमोर सगळे जेवतात, मी अर्धी भाकरी मोजून खाते. रात्री भुकेनं जाग येते, पाणी पिऊन झोपते. आणि तुम्ही मला चोर म्हणताय. उद्यापासून मला दवाखान्यातच ठेवा. तिथं तरी कुणी माझ्या तोंडाकडं बघत बसणार नाही."

 विहीणबाई उठून परड्यात गेल्या आणि नळाखाली उगाच भांडी घासत बसल्या.

डॉक्टरबाईंना मी फोनवर आकडे कळवत होतेच. त्यांनी दुपारचं इन्सुलिन आणखी वाढवलं. सांगितलं, "चार दिवस बघू. नाहीतर दाखल."

त्यानंतर दोनच दिवसांनी ऊन असं पडलं की रस्त्यावर माणूस दिसेना. त्या दुपारी कुणीच पाहुणं आलं नाही. तुझ्या आईनं सुई घेतली, जेवली, पण उकाड्यानं जेवण गेलं नाही. भाकरीचा तुकडा पानात राहिला. मग खुर्चीत बसून ती पेपर वाचत होती. मी शेजारी भाजी निवडत होते. तिनं पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, अक्षरं हलतायत."

मी वर बघितलं. तिच्या वरच्या ओठावर, कपाळावर, गळ्यावर घाम डवरला होता. उन्हाचा घाम तसा नसतो. तोंड पांढरं पडलेलं. हात थरथरत होते, नुसता हात नाही, कोपरापासून सगळा.

"काय होतंय?"

"भूक लागलीय. खूप भूक लागलीय. आई, बाळ..."

पुढं तिला बोलता येईना. जीभ जड झाल्यासारखं करायला लागली. साखर उतरली तर असं होतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आमची अडचण साखर चढण्याची, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. मी यंत्र आणलं, तिचं बोट धरलं.  आकडा आला अठ्ठेचाळीस.

"साखर द्या! गोड द्या काहीतरी!" मी ओरडले. विहीणबाई कपाटाकडं धावल्या, किल्ली कुलपात जाईना. आप्पांनी तेवढ्यात पाहुण्यांसाठी बाहेरच राहिलेली गुळाची पाटीच उचलून आणली आणि तिच्या पुढ्यात धरली. तिनं दोन्ही हातांनी गूळ घेतला आणि लहान मूल खातं तसा खाल्ला. मी पाणी पाजलं. विहीणबाई तिची पाठ चोळत होत्या आणि एकच म्हणत होत्या, "खा, पोरी. खा, पोरी."

हळूहळू थरथर कमी झाली. रंग यायला लागला. तिनं पोटावर हात ठेवला, थांबली आणि म्हणाली, "हललं." 

पाव तासानं पुन्हा तपासायचं असतं. तिनं स्वतःच कापूस फिरवला, बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला आणि आम्ही चौघं त्याच्याकडे बघत राहिलो. चारशे अकरा.

"आई, हे काय?" तुझी आई रडायला लागली. "आता हे काय?"

"सुई!" विहीणबाई म्हणाल्या. "परत सुई द्या तिला, बाळाला काय झालं तर!"

आप्पा म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव आधी."

तुझी आई इन्सुलिनच्या पेनाकडं हात करत होती. मी तिचा हात धरला. धरला तो चिकट लागला. गुळानं बोटं माखलेली, नखांच्या कडेला तांबूस थर. पाव तासात अठ्ठेचाळीसचे चारशे अकरा. एवढ्याशा गुळानं? मी म्हटलं, "सुईला हात लावायचा नाही. आधी हात धू. साबणानं. दोनदा."

तिनं हात धुतले, पुसले, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. एकशे दोन.

मग मी माझं बोट गुळाच्या खड्यावर घासलं, तिनं केलं तसंच स्पिरिटच्या कापसानं पुसलं, वाळू दिलं आणि टोचलं. माझी साखर तीनशेच्या वर आली. हात धुऊन बघितली, पंच्याण्णव.

कापसानं गूळ निघत नाही, पसरतो. एक बारीकसा कण थेंबात मिसळला की यंत्र बिचारं त्या कणाची साखर मोजतं. ज्या दुपारी पाहुणे आले, त्या दुपारी तुझ्या आईनं ढेपेचा गूळ फोडून बशा भरल्या आणि तशीच आत येऊन बोट टोचलं. ज्या दुपारी कुणी आलं नाही, त्या दुपारी आकडा खरा आला. सकाळी आणि रात्री पाहुणे येत नाहीत. आम्ही ते चढे आकडे खरे धरले आणि त्यांच्यावर इन्सुलिन वाढवत नेलं. आणि त्या दिवशी अंगात नसलेल्या साखरेसाठीचं इन्सुलिन तिच्या अंगात होतं.

आप्पांना सगळं समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर ते नळावर गेले, हात धुऊन आले आणि बोट पुढं केलं. "माझं बी बघा. माझ्यावर आळ घेतलासा न्हवं?" त्यांची साखर नेहमीसारखी आली. विहीणबाईंकडं बघून त्यांनी मान हलवली. विहीणबाईंनी कपाट उघडलं, किल्ली कुलपातच ठेवली. मग तुझ्या आईसमोर येऊन म्हणाल्या, "उद्यापासनं गूळ मी फोडनार. तू ढेपेला हात बी लावायचा न्हाय." माफी मागायची ती त्यांची पद्धत. तुझ्या आईनं ती घेतली.

डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "मूल हलतंय ना?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून घेतलं. बाळाचे ठोके तपासले, दुपारचं इन्सुलिन कमी केलं. सिस्टरला बोलावून म्हणाल्या, "यापुढं प्रत्येकीला साबण-पाणी सांगायचं. स्पिरिटनं भागत नाही." सोनोग्राफीतला घेर तरीही पुढंच होता. त्या म्हणाल्या, साखर कळायच्या आधीच्या आठवड्यांचं ते असू शकतं, आता वाढीचा वेग बघायचा. पुढच्या तपासणीत वेग सरळ झाला होता. दाखल करायचं कुणी बोललं नाही. पण त्यानंतर तुझ्या आईनं यंत्राकडे कधी निर्धास्तपणे बघितलं नाही. हात धुऊन, पुसून, आकडा येईपर्यंत श्वास धरून बसायची.

ठरल्या दिवशी तिला कळा आणायचं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. मोठी होतीस, पण भीती वाटावी इतकी नाही. पुढच्या गादीवरच्या बाईला बघायला आलेल्या बायका तुला बघून म्हणाल्या, "काय गुटगुटीत पोरगी!" आम्ही दोघी आज्या त्यावर हसलो नाही.

कारण खरी कसोटी त्यानंतर होती. पोटात असताना आईकडून येणारी साखर आवरायला बाळाचं शरीर स्वतः भरपूर इन्सुलिन करत असतं. नाळ कापली की साखर येणं थांबतं, पण बाळाचं इन्सुलिन लगेच थांबत नाही. अशा बाळाची साखर जन्मल्यावर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून तुझ्या टाचेला टोचून थेंब घेत होते. पहिला आकडा सिस्टरनं आम्हाला सांगितलाच नाही. बाळाच्या डॉक्टरांना हाक मारली. काचेतून मला तुझे पाय दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

विहीणबाईंच्या पिशवीत मधाची बाटली होती, बाळाला चाटवायला आणलेली. त्यांनी ती बाहेर काढली नाही. दारातच सिस्टरला म्हणाल्या, "आईचं दूध पाजा आदी. लगेच." सिस्टर म्हणाली, तेच करतोय. तुला तुझ्या आईच्या छातीशी लावलं. तू ओढत नव्हतीस, झोपेत जात होतीस. सिस्टर तळपाय चोळून तुला जागं करत होती. वाटीत थोडं दूध काढून चमच्यानं दिलं. पुन्हा टाच. थोडं वर. पुन्हा दूध. संध्याकाळ होईपर्यंत हेच चाललं. विहीणबाई पूर्ण वेळ उभ्या होत्या, मी दोनदा खुर्ची पुढं केली, त्यांना ती दिसली नाही.

शेवटी एकदा टाचेला टोचल्यावर तू अशी किंचाळलीस की बाहेरच्या बाकावरचे आप्पा उठून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "आता ठीक आहे. आता ती स्वतः सांभाळेल."

दीड महिन्यानं तुझ्या आईला पुन्हा ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं. तिची साखर जागेवर आली होती. पण ज्या बाईला गरोदरपणी साखर होते तिला पुढं मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून तिनं दर वर्षी तपासायचं. एवढंच ते टोचणं आहे. तू पोटात होतीस म्हणून ही गोष्ट लवकर कळली, आणि तिला आधीपासून जपता येतं. तू असा विचार कर.

तुझ्या वाढीवरून मात्र आमच्या घरात वर्षभर ताण राहिला. जन्मतानाचा गोलपणा उतरला आणि तू लांबट झालीस. मग घरी येणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, "पोरगी वाळली की हो." कुणी नाचणीच्या सत्त्वात साखर घालायला सांगायचं, कुणी चहात बिस्किट बुडवून द्यायला. बाळाच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, अशा मुलाला घाईनं फुगवायचं नाही आणि उपाशीही ठेवायचं नाही. वजन आणि उंची बरोबर बघायची, एकटं वजन नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, मग घरचं जेवण, साखर वरून नाही. आठव्या महिन्यात तुला जुलाब झाले आणि वजन अडकलं. काटा पुढं सरकेना. तेव्हा मीच घाबरून म्हटलं, थोडं तूप-साखर घालू. तुझी आई म्हणाली, "आई, पोरं रडली म्हणून तू शाळेत गुण वाढवून द्यायचीस का?"  तूप घातलं, साखर नाही. पुढच्या महिन्यात काटा सरकला.

आणि मग तुम्ही जायचे दिवस आले. तू चालायला लागली होतीस. निघण्याआधी एकदा शेवटचं दाखवून घ्यायचं म्हणून आम्ही तिघी तुला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. विहीणबाई त्यासाठी सकाळच्या बसनं निपाणीहून आल्या होत्या. तू काट्यावर उभी राहीनास, नाचत होतीस, सिस्टरला आकडा दिसेना. शेवटी मोजलं, लांबी घेतली, डोक्याचा घेर घेतला. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. वयाप्रमाणं अगदी बरोबर. आता साखरेसाठी म्हणून हिला वेगळं दाखवायची गरज नाही. जेवण घरचं असू द्या आणि पळू द्या भरपूर."

आम्ही उठलो. विहीणबाई उठल्या नाहीत.

"डाक्टर, एक इचारू?"

"विचारा ना, आजी."

"माझा पयला पोरगा लई मोठा झालता. सुईण म्हनली, पैलवान आला. सगळ्या वखारीत पेढं वाटलं ह्यांनी. दुसऱ्या दिशी दुदाला उठंना. आमाला वाटलं, गुणाचं पोर हाय, निजलंय. कुनी उठवलाच न्हाय." त्यांनी पदर सारखा केला. "त्येला बी ह्येच झालं आसंल काय?"

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. तुझे बाबा त्यांचा पहिला मुलगा, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तुझी आई तुझ्या पायात मोजा घालत होती, ती तशीच थांबली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा तुमचं रक्त तपासलं होतं का?"

"कुठलं वो."

"मग आता नक्की सांगता येणार नाही, आजी. तसं असू शकतं. दुसरंही काही असू शकतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सांगता येनार न्हाय. माज्याबी ध्यानात हाय त्ये." आणि उठल्या.

बाहेर आल्यावर तुझी आई म्हणाली, "मामी, मला कधी बोलला नाहीत."

"पोटुशीला असलं सांगत्यात व्हय? आनि मग तू बाळतीन. आनि मग हिचा काटा अडकला. कवा सांगू?"

तू तोवर सगळ्यांच्या पुढं पायरीपर्यंत पोचली होतीस. विहीणबाईंनी भराभर जाऊन तुला उचललं. तुला खाली उतरायचं होतं, तू पाय झाडत होतीस, त्यांनी सोडलं नाही. त्यांची परतीची बस होती. मी रिक्षा थांबवली. तुझ्या आईनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"आज जाऊ नका, मामी. आम्ही जाईपर्यंत इथंच राहा."

"राहू कशी? नेसत्या लुगड्यावर आलोय मी."

"माझी साडी नेसा."

"तुजी? त्या झिरझिरीत? लोकं हसतील की गं मला."

"हसू देत," तुझी आई म्हणाली आणि रिक्षावाल्याला कंग्राळी सांगितलं.